शेंडा एकच होता

मी एक जुना माड आहे. नारळ मात्र माझ्याकडे मागू नका. माझ्या जातीची फळं बोराएवढी, आणि कुंडीत तीही कधी धरली नाहीत. मित्रांनो, मी निकोबारचा. शास्त्रज्ञांनी माझं नाव ठेवलं बेंटिंकिया निकोबारिका. आमच्याकडच्या एका कबुतराच्या शास्त्रीय नावातही असंच निकोबार आहे. घर सुटलं तरी गाव आडनावासारखं चिकटून राहतं.

दिनकरराव तिकडे निकोबारला टपाल खात्यात होते. दिल्लीला बदली झाली तेव्हा त्यांनी मला बिस्किटांच्या डब्यात घालून, बोटीने नि रेल्वेने, इथे दिल्लीतल्या द्वारकेच्या फ्लॅटवर आणलं आणि कुंडीला माझ्या नावाची पत्र्याची पाटी लावली. पुढच्याच वर्षी सुनामी आली. माझी आई उभी होती तो किनारा समुद्रात गेला. त्या दिवशी ते माझ्यापाशी खुर्ची टाकून बसले. "आता तूच रे," एवढंच म्हणाले.

दिल्लीचा जानेवारी माझ्या जिवावर उठायचा. मग ते मला बैठकीत घ्यायचे आणि येईल त्या पाहुण्याला पाटी वाचायला लावायचे. तेवढंच माझं वैभव.

त्यांच्या पत्नी लताताई सोलापूरच्या. तुळस फुलवावी तर त्यांनीच! शेंडे खुडले की झाड डेरेदार होतं, हे त्यांचं शास्त्र. यंदा मी गॅलरीच्या छताला टेकलो. दिनकरराव मुलाकडे गुरुग्रामला गेले होते, तेव्हा ताईंनी मोठ्या मायेने सुरी घेतली आणि माझं मिटलेलं नवं पान कोवळ्या गाभ्यासकट कापून काढलं.

दिनकरराव परत आले तशा त्या म्हणाल्या, "अहो, बघा, आता कसा बाजूंनी फुटेल! बिल्कुल तुळशीसारखा!"

दिनकरराव मालवणचे. माडाला शेंडा एकच, तो गेला की माड गेला, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. त्यांनी कापलेल्या जागी बोट ठेवलं आणि बराच वेळ ते काढलं नाही.

"फुटेल," ते म्हणाले.

माझी जुनी पानं अजून हिरवी आहेत, काही महिने राहतीलही. म्हणून ताईंना काही कळत नाही. काल दिनकररावांनी माझी पाटी सोडवून कपाटात ठेवली.

"अहो, पाटी कुठे गेली?"

"गंजली होती."

"मग नवी करून आणा ना. फुटवा आला की लावू."

"बघू," ते म्हणाले आणि आत गेले.

मित्रांनो, माया करण्याआधी, ज्याच्यावर करायची त्याला शेंडे किती, ते विचारून घ्या. मला आता त्याचा उपयोग नाही. आज सकाळीही ताईंनी तांब्याभर पाणी घातलं आणि फुटवा शोधत वाकून पाहिलं. मी ते सगळं पाणी प्यायलो.