गुरुवारी घरी कोण?

लिओनाने नळ बंद केला आणि ओले हात तसेच ठेवून ती कानोसा घेत उभी राहिली. मागच्या खोलीत पेन्सिल वाजत होती. टक टक. थोडं थांबून, टक.

गणित अडलं की तिचा मुलगा अँब्रोस असाच वाजवायचा, टेबलाच्या कडेवर, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने. दोन हिवाळ्यांपूर्वी एका दुपारी त्याने सगळी उदाहरणं लवकर सोडवली, म्हणून लिओनाने त्याला बाहेर खेळायला सोडलं. तळ्यावरचा बर्फ अजून नीट धरला नव्हता. तो परत आलाच नाही. तेव्हापासून त्या खोलीत टिल्डा एकटीच अभ्यासाला बसे. त्याची धाकटी बहीण ती. नऊ वर्षांची, अबोल, वयापेक्षा शहाणी.

आवाज सुरू झाला तो गेल्या वसंतात, दुपारची भांडी घासताना. लिओना खोलीत कधी डोकावली नाही. डोकावलं तर थांबेल, अशी तिला धास्ती होती. नवऱ्याला, कर्टला, तिने सांगितलं नाही, चर्चमध्ये फादरपुढे पापांची कबुली देतानाही त्याबद्दल शब्द काढला नाही. फक्त दुपारचं घर सोडून कुठे जाणं बंद केलं.

"फादर पुन्हा विचारत होते," जेवताना कर्ट म्हणाला. तो डेअरीचा टँकर चालवायचा आणि बोलायचा कमी. "चर्चच्या तळघरात दर गुरुवारी त्या बायका जमतात. सगळ्या आपल्यासारख्याच, पोरांना घरी शिकवणाऱ्या."

"मला जमतंय की एकटीला."

"तुला जमतंय गं. तिला?" टिल्डाकडे न बघता त्याने बटाटा कापला. "अख्ख्या महिन्यात दुसऱ्या पोराशी एक शब्द बोलली असेल, तर सांग."

लिओनाने मिठाची कुपी उचलली आणि पुन्हा जागेवर ठेवली.

गुरुवारी दुपारी टिल्डाला घेऊन ती गेली, तेव्हा तळघराच्या दारातच ओल्या कोटांचा आणि कॉफीचा वास आला. तान्ह्या पोरांच्या रडण्यात बायका आवाज चढवून बोलत होत्या.

"ये गं, ये! कोट कुठेही टाक, इथे कशालाच जागा नाही." फिलोमिना स्कार्डाने तिच्या हातातलं खाऊचं भांडं काढून घेतलं. आठ पोरांची ही आई या गटाची जणू पाटलीणच होती. "तू लॅटिन शिकवतेस म्हणे? मग आमच्याकडे ये बाई. माझ्या पोरांना 'आमेन'पलीकडे काही येत नाही, आणि तेसुद्धा ताट पुढ्यात असलं तरच."

कोणी मागल्या वर्षीची इतिहासाची पुस्तकं दुसरीच्या पिशवीत कोंबत होतं. कडेवर बाळ घेतलेली एक पोरसवदा आई म्हणाली, "सोमवारी मी बाथरूमची कडी लावून रडले."

"फक्त सोमवारीच?" पलीकडून कोणीतरी विचारलं, आणि ती रडलेलीच आधी हसली.

लिओनाही हसली. आपल्याच गालांना ते नवखं वाटलं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला लांब टेबलाभोवती मुलं गणितं करत होती. टिल्डा ॲग्नेस नावाच्या एका दात पडलेल्या मुलीशेजारी बसली होती. लिओना तिच्याकडे पाठ करून कपात कॉफी ओतायला वळली.

टक टक. थोडं थांबून, टक.

कॉफी कपाबाहेर सांडली. एवढ्या गोंगाटातही तो आवाज तिला सुईसारखा टोचला. ती वळली. टिल्डा वहीवर वाकली होती, कपाळाला आठी, आणि पेन्सिलीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर आपटत होतं. मग तिने मान वर केली. आईला पाहिलं. पेन्सिल मुठीत घट्ट धरून तिने हात मांडीवर लपवला.

"चल, जरा वारा खाऊ," फिलोमिना कानाशी म्हणाली.

बाहेर पायऱ्यांवर बारीक बर्फ पडत होता. फिलोमिनाने आपली शाल लिओनाच्या खांद्यांवर टाकली.

"कुठे ऐकू येतो?" तिने विचारलं.

"कोण?"

"तुझा मुलगा," फिलोमिना म्हणाली.

"मागच्या खोलीत," लिओना म्हणाली. हे पहिल्यांदाच कोणाला सांगत होती ती. पुढचं सगळं तिच्या तोंडून आपोआप आलं, आत्ताच्या पेन्सिलीपर्यंत.

"माझा जिन्यात खोकायचा, गेल्यावरही. क्लीटस." फिलोमिनाने रेलिंगवरचा बर्फ हाताने सारला. "मी पायरीवर बसून राहायचे गं. बाकीची पोरं उपाशी, मला शुद्ध नाही. मग या बायकांनी ओढून इथे आणलं."

"मग थांबला?"

"काय माहीत? मी घरी नसायचे. आला असेल, तर त्याचं तो जाणे."

आतून पोरांच्या हसण्याचा लोंढा आला. त्यात टिल्डाचं हसू होतं. ते ओळखायला लिओनाला क्षणभर वेळ लागला.

परतताना गाडीत टिल्डानेच आधी तोंड उघडलं.

"रागावलीस, मम्मा?"

"नाही गं. कधीपासून करतेस?"

"पहिल्यांदा चुकून झालं. गणित अडलं होतं. तू नळ बंद केलास." टिल्डा खिडकीच्या काचेशी बोलल्यासारखं बोलत होती. "आणि त्या संध्याकाळी तू केक केलास. गाणं गुणगुणत. म्हणून मग मी..."

लिओनाने गाडीचा वेग कमी केला. समोरचं तिला नीट दिसेना.

"आणि आज?"

"आज खरंच अडलं होतं." थोडं थांबून टिल्डा म्हणाली, "ॲग्नेस म्हणाली, पुढच्या वेळी ती माझी जागा धरून ठेवेल."

"मग जाऊ की. दर गुरुवारी जाऊ."

"पण मग गुरुवारी घरी कोण असेल?"

कोणी नाही, असं लिओना म्हणणार होती. शब्द ओठांपर्यंत आलेही होते. वायपर काचेवरून एकदा गेले, पुन्हा गेले.

"कुलूप नको लावायला," ती म्हणाली. "अँब्रोस आलाच, तर त्याचा तो आत येईल."

टिल्डाने आईकडे पाहिलं. मग तिने हातमोजे काढले आणि दोन्ही हातांची बोटं पसरून हीटरच्या झोतापुढे धरली.