एका ‘हाव’चा सिनेमा

पुण्याच्या निनाद सरांनी माझ्या कादंबरीवर सिनेमा काढला, तेव्हा बिलोलीत माझा सत्कार झाला. शाल मिळाली, नारळ मिळाला. नारळ तेवढा कामाला आला.

कादंबरी शाळा-कॉलेजच्या पोरांसाठी लिहिलेली. पुढच्या काळातलं एक शहर. तिथं सोळाव्या वर्षी एकच परीक्षा. पास झाले ते भिंतीच्या आत, नापास झाले ते बाहेर, आणि बाहेर गेलेल्याचं नाव घरातसुद्धा काढायचं नाही. हे सुचायला मला आभाळात बघावं लागलं नाही. माझ्या बहिणीची पोरगी महामाया लातुरात डॉक्टरकीच्या परीक्षेचे क्लास करून राहिली होती. दुसऱ्यांदाही नंबर लागला नाही, तशी खोलीला आतून कडी लावून बसली. जेवेना, बोलेना. मी गेले, दाराला तोंड लावून विचारलं, "पंचशीला मावशी हाय. घरी चलतीस का गं?" लई वेळानं आतून आवाज आला, "हाव."

आमच्याकडं हाव म्हणजे हो. त्या एका शब्दासाठी मी सगळी कादंबरी लिहिली. शेवटी पास झालेल्या नायिकेला शहराचं मंडळ विचारतं, "बाहेरच्यांत जाशील?" ती म्हणते, "हाव." पुस्तक तिथं संपतं. महामायानं शेवटचं पानच आधी वाचलं आणि पुस्तक उशाला घेऊन झोपली. तिथून पोरगी हळूहळू माणसांत आली. आता नांदेडला नर्सिंग शिकते.

सिनेमाचा पहिला खेळ लातुरात ठेवला. लातूरचं नाव काढलं की महामायाचे हात अजून गार पडतात. तरी म्हणाली, "मावशी, तो शब्द मला मोठ्या पडद्यावर ऐकायचाय." आली, माझ्या शेजारी बसली.

सिनेमा काय सांगू. सगळा अकलेचा उजेड. भिंत काचेची, पोरं कातड्याच्या जाकिटात. लातूरच्या उन्हात कातड्याचं जाकीट घातलं तर माणूस शिजून निघेल. नायिकेला दोन प्रियकर, माझ्या पुस्तकात अर्धाही नव्हता. आणि बोलणं तर विचारूच नका. माझ्या माणसांचं 'हाय' धुऊन 'आहे' केलेलं, 'न्हाई'चं 'नाही'. जो तो आत्ताच दात घासून आल्यासारखा बोलत होता.

शेवट आला. मंडळानं विचारलं, "या शहराचा गुन्हा कोणता?" नायिकेनं मुठी आवळल्या, डोळे वटारले आणि ओरडली, "हाव!" धडाधड काचा फुटल्या. मग एका प्रियकराचा हात धरून ती मंडळाच्याच खुर्चीवर जाऊन बसली. भिंतीबाहेरची पोरं बाहेरच राहिली.

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा टाळकंच सरकलं. या शहाण्याला हाव म्हणजे लोभ वाटला होता. बाकीचं पुस्तक कुणाकडून तरी धुऊन घेतलं, शेवटचं पान तेवढं स्वतः वाचलं, आणि उत्तर जुळेना म्हणून प्रश्नच बदलून टाकला. मला एक फोन केला असता तर काय तोंड दुखलं असतं का?

महामाया मान खाली घालून बसली होती. "मावशी, ती गेलीच न्हाई बाहेर," एवढंच म्हणाली. मला रडू आलं, आणि त्या माणसाचा लई राग आला.

दारात निनाद सर कॅमेरावाल्याला घेऊन उभेच होते. पोरीच्या परीक्षेचं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं असावं. "महामाया, ही तर तुझीच गोष्ट. शेवटी पाटी टाकतोय, 'महामायाच्या सत्यकथेवरून'. चालेल ना?"

मी तोंड उघडणार, त्याआधी तीच बोलली. "न्हाई. ही माझी गोष्ट न्हाई. माझं नाव टाकू नका."

सर हसले. "अगं, लाजतेस काय? लोक डोक्यावर घेतील तुला."

पालथ्या घड्यावर पाणी. मी त्यांच्याकडं पाठ केली. महामायाचा हात धरला, गारच होता. विचारलं, "घरी चलतीस का गं?"

तिनं मान वर केली. सरांकडं सरळ बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हाव."

आम्ही पायऱ्या उतरलो. पाठीमागं सर कॅमेरावाल्याला सांगत होते, "घेतलंस ना? लोभाची किती चीड आहे बघ पोरीला. जाहिरातीत हेच टाकू."