नवरदेवाला हिवताप

आमच्या घराण्यात मिरवण्यासारखं फारसं काही नाही, म्हणून आम्ही हिवताप मिरवतो. म्हणजे न झालेला हिवताप. घरामागे तळं, घरापुढे गटार. गल्लीत दर वर्षी कुणी ना कुणी दात वाजवत पडलेलं असतं आणि आमचे बाबा बनियनवर दारात उभे राहून सांगतात, "डास आमच्याकडेही येतात. पण पस्तावून जातात."

यातलं खरं काय ते मला प्रयोगशाळेत रक्त तपासायला लागल्यावर कळलं. आमच्या तांबड्या पेशींत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक दोष आहे. आई किंवा बाप, एकाकडूनच आला तर हिवतापाच्या जंतूला त्या पेशीत धड संसार थाटता येत नाही आणि ताप आला तरी सहसा जिवावर बेतत नाही. दोघांकडून आला तर मात्र पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि माणूस कळवळतो. मला एकाकडून आलाय. माझ्या धाकट्या भावाला दोघांकडून. दुखणं उठलं की तो अंथरुणातून सगळ्यांना हुकूम सोडतो, म्हणून त्याचं नाव सरकार. जोर फार असतो तेव्हा हुकूमही बंद होतात. मग मी त्याचे गुडघे शेकत बसते आणि आमच्या घराण्याच्या बढायांना मनातल्या मनात शिव्या घालते.

आता नवरदेवाकडे येऊ. आमच्या प्रयोगशाळेतला फ्रीज एकदा बिघडला आणि चार वेळा दुरुस्त झाला. "गॅसचा काही भरवसा नसतो," असं फ्रीजवाला दर खेपेला म्हणायचा. चौथ्या खेपेला तर तो फ्रीज उघडायलाच विसरला. मीही आठवण केली नाही.

यथावकाश त्याला वाढवणारी आत्या आमच्या घरी बोलणी करायला आली. बसल्या बसल्या तिला खिडकीतून तळं दिसलं. मला वाटलं, आता नाक मुरडणार. पण ती म्हणाली, "आम्हाला काय त्याचं! आमच्या घरात आजतागायत कुणाला हिवताप शिवलेला नाही."

बाबा उडालेच. "काय सांगता! आमच्याकडेही नाही!"

दोघं एकमेकांकडे असे बघायला लागले, जणू लहानपणी जत्रेत हरवलेली भावंडं. स्थळ पक्कं झालं म्हणून बाबांनी मला चहा टाकायला पाठवलं. माझ्या डोक्यात मात्र एकच घोळत होतं: यांच्या रक्तातही तोच दोष असला तर? कोपऱ्यातल्या खुर्चीवरून सरकार माझ्याकडे बघत होता. त्यालाही उमगलं होतं.

संध्याकाळी फ्रीजवाल्याला गाठून सगळं सांगितलं. "तुझ्यातही तो दोष निघाला, तर आपल्या प्रत्येक मुलाला सरकारसारखं होण्याची शक्यता चारात एक. मी ते रोज बघते. पुन्हा बघायची ताकद माझ्यात नाही. तसं असेल तर हे लग्न होणार नाही."

"मग तपासू की," तो म्हणाला.

"थोडं रक्त लागेल. सुईने काढायचं."

त्याचा चेहरा पडला. अख्खा फ्रीज पाठीवर घेऊन जिना चढणारा हा गडी सुईला घाबरत होता! एकदा त्याला काम निघालं, एकदा हाताला खरचटलं, एकदा म्हणे गाडी पंक्चर झाली. माझं डोकं फिरलं. "रविवारपर्यंत आलास तर ठीक," मी बजावलं. "नाही तर फ्रीज मी दुसऱ्याकडून करून घेईन." मी फ्रीजबद्दल बोलत नव्हते हे त्याला बरोबर कळलं.

शनिवारी दुपारपर्यंत पत्ता नाही. मी आतल्या खोलीत काचपट्ट्या पुसत होते, उगाच जोर लावून. इतक्यात रक्त काढणाऱ्या ताईंनी हाक मारली, "जरा ये गं! एक पेशंट सुई बघूनच आडवा झालाय."

बाकावर डोक्यापासून पायापर्यंत ब्लँकेट गुंडाळलेला माणूस. शेजारी काळा चष्मा लावलेली बाई. ब्लँकेटमधून एक स्क्रू ड्रायव्हर डोकावत होता.

"आत्या?" मी म्हणाले.

"मी कुणाची आत्या नाही," चष्मा म्हणाला.

"ताप आलाय का याला?"

"कसला ताप! थंडी वाजते, अंग तापतं, मग घाम येतो. एक दिवसाआड. आमच्यात त्याला ताप म्हणत नाहीत."

ताईंनी एव्हाना आडव्या पेशंटचं रक्त काढूनही घेतलं होतं. मी काचपट्टी रंगवली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली. त्याच्या पेशींत जंतू ऐसपैस राहात होते. मी धावत बाहेर आले आणि ओरडले, "हिवताप! हिवताप आहे!"

आत्याने चष्माच काढला. "अगं, तुला आनंद कसला होतोय?"

मग मी भानावर आले. एकाकडून दोष आलेल्यालाही हिवताप होऊ शकतो. यावरून काहीच ठरत नव्हतं. मी ब्लँकेटपाशी वाकले. "नळीत रक्त उरलंय. ती दुसरी तपासणी करू?"

"सगळ्या कर," आतून क्षीण आवाज आला. "फक्त पुन्हा टोचू नकोस."

ही तपासणी सोपी असते. रक्ताच्या थेंबात औषध घालून हवा तोडायची आणि वाट बघायची. दोष असेल तर पेशी वाकतात. वाट बघणं मात्र सोपं नव्हतं. सरकार माझा डबा घेऊन आला होता, तोही थांबला. बाहेर आत्या कपाळाला हात लावून ताईंना सांगत होती, "हे त्याच्या आईकडून आलं. तिच्या माहेरी सगळे तापाचे!" मला त्या न पाहिलेल्या माहेराच्या पाया पडावंसं वाटलं.

मी डोळा लावला. गोल. काचपट्टी सरकवली. गोल. सगळीकडे गोलच. मोठ्या मशीनवरची तपासणी सोमवारी व्हायची होती आणि तिनेही पुढे हेच सांगितलं, पण मी तिथेच रडायला लागले.

सरकारनेही वाकून पाहिलं. "सगळ्या गोल?"

"सगळ्या!"

"म्हणजे तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी होणार नाही."

"नाही होणार!" मी टाळीसाठी हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. इतके दिवस मी ज्याच्यासारखं कुणी नको म्हणून देव पाण्यात ठेवून बसले होते, तो समोर डबा घेऊन उभा होता.

"टाळी दे की," सरकार म्हणाला. "मीही हेच मागत होतो. एकच अट. भाच्याला आधी मी खांद्यावर बसवणार. चांगला दिवस असेल तेव्हा."

मी टाळी दिली. हळूच दिली, कारण कालपासून त्याचं मनगट दुखत होतं.