ढगाळ दिवसांचे डाग

डॉक्टर कुबाश्का आमचे संचालक. गेल्या सहा वर्षांत त्यांनी दुर्बिणीला हात लावल्याचं मी पाहिलेलं नाही. हात ते फक्त पाहुण्यांशी मिळवतात.

तात्रा डोंगराच्या पायथ्याशी आमची छोटी वेधशाळा. रोज सकाळी दुर्बिणीतून सूर्याचं बिंब कागदावर पाडायचं, त्यावरचे डाग पेन्सिलीने जिथल्या तिथे उतरवायचे, खाली सही करायची आणि आकडा मुख्य केंद्राला कळवायचा, हे माझं काम. कितीतरी देशांतून असेच आकडे तिथे जमतात. ढग असले की आडवी रेघ मारायची. शून्य लिहायचं नाही. शून्याचा अर्थ, पाहिलं आणि डाग नव्हते. रेघेचा अर्थ, दिसलंच नाही. हा फरक माझ्या नऊ महिन्यांच्या राद्कालासुद्धा एक दिवस कळेल. डॉक्टरांची मला आशा नाही.

एप्रिलमध्ये बारा देशांचे सूर्यनिरीक्षक पाहुणे येणार, मार्चचे कागद दिवाणखान्यात लावायचे, असं ठरलं आणि त्यांनी मला बोलावून घेतलं.

"दारिना बाळा, एका महिन्यात नऊ रेघा? शोभतं का हे?"

"ढग होते, डॉक्टर."

"अगं, उपग्रहाचा फोटो असतो ना! बघून काढायचं. आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणतात ते यालाच."

"याला नक्कल म्हणतात."

"तोंड फार चालतं हं तुझं. करार एप्रिलअखेर संपतोय ना? आणि राहतेस ती खोलीही वेधशाळेचीच."

मी खोलीवर परतले. राद्काला दात येत होते, अंग कोमट होतं. तिला घेऊन जाणार कुठे?

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी मी तिला कडेवर घेऊन भिंतीवरचे कागद तपासत गेले. सवयच आहे, घराबाहेर पडतानाही गॅस तीनदा बघते. एकतीस कागद, आणि रेघ एकही नाही. नऊच्या नऊ दिवसांवर डाग काढलेले. खाली माझी आद्याक्षरं, त्यांच्या हातची.

आणि मग दिसलं. आमच्या कागदावर बिंब उलटं पडतं, त्यामुळे डाग दिवसागणिक उजवीकडून डावीकडे सरकतात. या विद्वानाने फोटोवरून सरळ गिरवलेलं. अकरा ते चौदा मार्च सूर्य चक्क उलटा फिरला होता. माझ्या सहीनिशी! इथे येणाऱ्या कुणालाही ते अर्ध्या मिनिटात कळलं असतं, आणि खोटारडी मी ठरले असते.

मी लाल पेन्सिल काढली. नऊ कागदांवर फुली मारली, "ढग. वेध नाही," असं लिहिलं आणि पूर्ण नाव घातलं: दारिना मिचुदोवा. राद्का पेन्सिल मागत होती. खाली बस थांबल्याचा आवाज आला.

"एकतीस दिवस, एकही खंड नाही!" डॉक्टर दारातूनच सुरू झाले. मग भिंत दिसली आणि त्यांची मान लाल झाली.

पोर्तुगालच्या वयस्कर तेशेइराबाई चष्मा वर करून पुढे आल्या. "अय्या, हे खोडलेले डाग तर उलटे चाललेत! कुणी काढले हो?"

"डॉक्टरांना विचारा," मी म्हटलं. "त्या दिवशी मला ढग दिसले. त्यांना सूर्य दिसला."

कुणीतरी खोकलं.

"ती... ती परीक्षा होती!" डॉक्टर हसले. "निरीक्षकाची नजर तपासायची माझी पद्धत आहे ती. मुद्दाम चूक ठेवतो मी. पकडली की नाही पोरीने?"

बारा देशांनी मान डोलावली. एकाने तर टाळीही वाजवली. इतकं गुळगुळीत खोटं इतक्या पटकन सुचतं, म्हणूनच तर माणूस संचालक होतो.

"म्हणजे पास झाले ना मी?" मी विचारलं आणि पिशवीतल्या लंगोटांखालून नव्या कराराचा कागद काढून त्यांच्यापुढे धरला. पेनही माझंच दिलं.

सगळे बघत होते. त्यांनी सही केली. तारीख मात्र मागच्या वर्षाची टाकली, म्हणजे करार सही होताच संपलेला.

ती मी तिथेच त्यांच्याकडून दुरुस्त करून घेतली.