शेवट काउंटरवर विचारावा

मी एक कादंबरी बोलतेय. बदलापूरच्या एका छोट्या वाचनालयात, खिडकीजवळच्या कपाटात माझा मुक्काम असतो. अंगावरचा हा निळा पुठ्ठा माझा मूळचा नव्हे, तो उल्हासनगरचा.

झालं असं, की हातोहात फिरून मी पार खिळखिळी झाले. वाचनालय सांभाळणाऱ्या बनूबाईंनी मला पिशवीत घालून तिथल्या एका बाइंडरकडे नेलं. तो बिचारा शाळेच्या वह्यांच्या घाईत होता. मला शिवलं छान, कडाही सरळ कापल्या, पण माझी शेवटची पानं टेबलाखालच्या कातरणात पडली ती रद्दीत गेली. पानं गेली तशी त्यांची आठवणही गेली. पुढे काय होतं, हे आता मलाच ठाऊक नाही.

दुसऱ्या कुणी मला निकालात काढलं असतं. बनूबाईंनी मात्र मला आधी तीनदा वाचलेलं होतं. त्यांनी आत एक कागद चिकटवला, 'शेवट काउंटरवर विचारावा', आणि मला पुन्हा कपाटात ठेवलं. तेव्हापासून रीतच पडली. मला परत करायला आलेला माणूस बाकावर बसायचा आणि बनूबाई हातातलं काम सोडून त्याला शेवट सांगायच्या.

माझी गोष्ट नवऱ्याचा मार खाणाऱ्या एका बाईची. बनूबाईंच्या शेवटात ती सासरी परत जात नाही, बाजारात खानावळ काढते, आणि एक दिवस नवरा जेवायला येतो तेव्हा त्याला म्हणते, "रांगेत उभा राहा." ऐकणारे खूश व्हायचे. मीही व्हायचे. स्वतःचाच शेवट दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला जरा लाज वाटायची, एवढंच.

चामटोलीच्या किर्तीनेही तो त्या बाकावर बसून ऐकला होता. तिचं सासर वांगणीला. माहेरपणाला आली की ती मला घेऊन जायची. पुढे तिथे नवऱ्याचा हात उठायला लागला, तो थांबेना, तेव्हा ती कायमची माहेरी आली आणि उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात शिलाईला लागली.

मग माझ्यावर पिक्चर निघाला आणि माझा भाव वाढला. वाचनालयात रोज वाद झडू लागले. नरेंद्रकाका म्हणायचे, "आधी वाचावं. नाहीतर डोक्यात त्या नटीचाच चेहरा बसतो." कॉलेजातला अक्षय म्हणायचा, "काका, उलटं करा ना! वाचून गेलात की थिएटरमध्ये पूर्ण टाइम 'हे कापलं, ते कापलं' करत बसता. शेजारच्याची वाट लागते." मी कपाटातून ऐकत असे. माझं मत कुणी विचारलं नाही.

एका सोमवारी किर्ती तणतणत आली.

"मावशी, आईने मला पिक्चरला नेलं. त्यात ती परत सासरी जाते! आई म्हणते, बघ, एवढी शिकलेली बाई पण गेली ना. रविवारी ते लोक मला न्यायला येतायत."

किर्तीने बनूबाईंकडे पिक्चरनंतर आलेली माझी नवी प्रत मागितली. तिच्यावर त्या नटीचा फोटो होता. शेवटची पानं तिने उभ्या उभ्याच वाचली.

"पिक्चरवाल्यांनी शेवट नाही बदलला," ती हळूच म्हणाली. "तुम्ही बदललात."

"हो," बनूबाई म्हणाल्या. "लेखकाने तिला परत पाठवली, ते मला कधी पटलंच नाही. पण तू त्यावर विसंबशील असं वाटलं नव्हतं गं."

"मी खानावळीसाठी नाही निघाले, मावशी. मार खाऊन निघाले." किर्तीने नवी प्रत परत दिली. "जुनीच द्या. आईसाठी हवीय."

अशी मी चामटोलीला किर्तीच्या आईच्या, मोतीबाईंच्या हातात आले. पिक्चर बघून झालेली, चष्मा नाकावर घसरणारी, बोट ठेवून वाचणारी वाचक. भाताचा कुकर लावला की मला उघडायच्या.

"पिक्चरमंदी एकदाच मारतो तो," तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या. "मंग गाणं लागतं. हितं तर पानं संपंनात."

किर्ती भाजी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "पिक्चरला अडीच तास असतात, आई. माझं लग्न चार वर्षं होतं."

मोतीबाईंचं बोट माझ्या ओळीवर तसंच थांबलं. त्या दिवशी त्यांनी पुढे वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र कामं टाकून बसल्या आणि माझ्या उरलेल्या शेवटच्या पानापर्यंत आल्या. तिथे माझी नायिका गाठोडं घेऊन माहेरच्या दारात उभी आहे आणि आई दार उघडतेय.

"शेवट काउंटरवर विचारायचा असतो," किर्ती म्हणाली.

"कशाला विचारू?" असं म्हणून त्यांनी मला मिटलं.

रविवारी माणसं आली. जावई नवा शर्ट घालून आला होता. मोतीबाईंनी सगळ्यांना चहा दिला, रिकामे कप उचलले आणि दारात उभं राहून म्हणाल्या, "पोरगी नाय येत. तिला पाठवणार व्हते ती मीच. आता मीच नाय पाठवत."

मी कोनाड्यात होते. मला रडता येत नाही, नाहीतर रडले असते.

अजून मी चामटोलीलाच आहे. परत करायची तारीख उलटून गेलीय, पण बनूबाई बोलवत नाहीत. तुम्ही मला आधी वाचा, नाहीतर पिक्चर आधी बघा, माझा कशावरच राग नाही. फक्त एक विनंती आहे. पिक्चर बघून कुणाला घरी परत पाठवणार असाल, तर त्याआधी माझी मधली पानं वाचा. ती सगळी जागेवर आहेत.