घंटा होईपर्यंत

"घंटा व्हायच्या आत निघायचं हं," नवऱ्याचा, क्लिफर्डचा बो-टाय नीट करत हिल्डा म्हणाली. "कोणी कितीही थांबवू दे. मी बाही ओढली की चालायला लागायचं."

क्लिफर्डने शहाण्या मुलासारखी मान हलवली.

गावातल्या एकुलत्या एका सिनेमागृहाचं छप्पर गळत होतं, म्हणून दुरुस्तीच्या पैशांसाठी ही मूकपटाची मेजवानी. जुन्या मूकपटातले कपडे घालून यायचं आणि घंटा होईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. बोलेल त्याने दारातल्या डब्यात एक पौंड टाकायचा. भिंतीवरची जाहिरात वाचून हिल्डाला रस्त्यातच रडू आलं होतं.

हिवाळ्यात क्लिफर्डला अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, वाचा गेली. पूर्ण गेली असती तरी परवडलं असतं, पण एक शब्द मागे राहिला, आणि तो 'च्यायला'. चर्चच्या गायकांना आयुष्यभर शिकवलेला हा माणूस, त्याच्या तोंडून कधी वावगा शब्द निघाला नव्हता. आता चहा हवा असला तरी च्यायला, आणि लगेच शरमेने लाल. त्याने उंबरा ओलांडणंच सोडलं. घशाचं दुखणं आहे, असं हिल्डाने गावाला सांगून ठेवलं होतं.

आत पियानो वाजत होता. नॉर्मन, क्लिफर्डचा जुना दोस्त, पोलीस बनून आला होता. त्याने क्लिफर्डची कॉलर धरली. क्लिफर्डने हात वर केले, गुडघे लटलटवले आणि नॉर्मनच्याच दोन पायांमधून सटकायचा प्रयत्न केला. लोक पोट धरून हसत होते, आवाज न करता. कित्येक महिन्यांनी तो चेहरा असा उजळलेला पाहून हिल्डाला बरं वाटलं, आणि धडकीही भरली. तिने बाही ओढली. त्याने तिचा हात हळूच बाजूला केला. मॅनेजर घंटा घेऊन पडद्यापाशी आला, तेव्हा तिने पुन्हा ओढली, चांगली जोरात. क्लिफर्ड हलला नाही.

घंटा झाली.

"सुटलो बाबा," नॉर्मन म्हणाला. "बायकोसमोरसुद्धा मी इतका वेळ गप्प बसलेलो नाही. काय मास्तर, घसा काय म्हणतो?"

"च्यायला," क्लिफर्ड म्हणाला.

हास्याचा स्फोट झाला. "मास्तर बिघडले," कोणीतरी ओरडलं.

"पण खरंच," नॉर्मनने विचारलं, "रविवारी येणार ना चर्चमध्ये गायला? तुझ्यावाचून सगळे बेसूर झालेत."

क्लिफर्डचे ओठ खूप वेळ हलले. "च्यायला. च्यायला."

या वेळी हसणारे कमी निघाले. पाद्रीबाई हातातल्या पेल्यात बघू लागल्या. क्लिफर्डची मान खाली गेली.

घशाचं औषध, डॉक्टरची सक्त ताकीद, सगळं हिल्डाच्या जिभेवर तयार होतं. तिने ते गिळलं.

"च्यायला," ती म्हणाली, आणि आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "झटका आलाय त्याला, नॉर्मन. एवढाच शब्द उरलाय. घसाबिसा काही नाही. मी खोटं बोलले सगळ्यांशी."

नॉर्मनने डोक्यावरची पोलिसाची टोपी काढली.

"बसा," तो म्हणाला. "दोघंही बसा. इथंच, माझ्याजवळ."

क्लिफर्डने हिल्डासाठी खुर्ची ओढली. ती बसेपर्यंत तो खुर्चीमागे ताठ उभा राहिला, आणि मग बसला.