गुंतवळ

संशय हा माझा धंदा आहे. लोक दूध आणतात, मध आणतात, विहिरीचं पाणी आणतात आणि काउंटरवर बाटली ठेवता ठेवता सांगतात, ‘शुद्धच आहे हो बाई, आपलं एकदा बघून घ्या.’ शुद्ध असतं तर घरी बसून प्यायले नसते का? माझी प्रयोगशाळा दोनच खोल्यांची आहे, पण तिथे कुणाच्या शब्दाला किंमत नाही, किंमत आहे ती नमुन्याला. माझ्या या स्वभावामुळे संपादक मला ‘भिंगताई’ म्हणायचे.

संपादक म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. त्यांना सगळे संपादकच म्हणायचे, धाकटीसुद्धा. त्यांचं वर्तमानपत्र आठ पानांचं आणि जीभ साठ पानांची. सरकारने आधी जाहिराती बंद केल्या, मग कागद अडवला, मग एक दिवस त्यांच्या अभ्यासिकेवर धाड घातली आणि टेबलावरचं, कपाटातलं जे दिसेल ते खोक्यांत भरून नेलं. पुढे काय झालं कुणास ठाऊक, आठवड्याभरात सगळं परत आलं. वर मंत्र्यांनी फोन करून गोडीगुलाबीने बोलायला सुरुवात केली. दोन-अडीच महिन्यांनी समेटाच्या जेवणाचं आमंत्रण आलं. संपादक गेले, जेवले, आणि तिसऱ्या दिवशी रुग्णालयात पोचले. पायांची आग, केसांचे पुंजके हातात. लघवीत थॅलियम सापडलं. पूर्वी उंदीर मारायच्या औषधात असायचं, तेच हे. त्याला चव नाही, वास नाही. संपादक वाचले नाहीत.

सरकारने जेवणातून विष घातलं हे गावात शेंबड्या पोरालाही ‘माहीत’ होतं. भिंतींवर ताटाची चित्रं रंगवली गेली. ओरड वाढली तसा सरकारने एका निवृत्त न्यायमूर्तींचा आयोग नेमला. न्यायमूर्ती सरळ माणूस होते. शवविच्छेदनातल्या केसांची एक बट त्यांनी सरकारी प्रयोगशाळेला दिली आणि एक आमच्याकडच्या वकीलबाईंना, म्हणाले, तुमच्या विश्वासाच्या माणसाकडून तपासून घ्या. विश्वासाचं माणूस म्हणजे मी. सरकारी वकील हसले म्हणे, ‘घरचाच वैद्य!’

केस खोटं बोलत नाही, कारण त्याला बोलायची घाई नसते. महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतो आणि त्या काळात रक्तात जे असेल ते पोटात ठेवून घेतो. मुळाकडचा भाग ताजा, टोकाकडचा जुना. तुकडे करायचे, धुवायचे, आम्लात विरघळवायचे आणि यंत्राला द्यायचे. शेजारी एक कोरा नमुना ठेवायचा, म्हणजे ज्याचा विषाशी संबंध नाही अशा माणसाचा केस, ताडून बघायला. कोऱ्या नमुन्यासाठी मी वर्षानुवर्षं स्वतःचाच केस उपटते. हाताशी असतो, आणि खात्रीचा.

त्या दिवशी कोऱ्या नमुन्यातच थॅलियम निघालं. थोडं, पण निघालं. मी भांड्यांना शिव्या घातल्या, काचसामान रात्रभर आम्लात बुडवलं, मग समोरच्या शिंपिणीचा एक केस मागून आणला आणि पुन्हा सगळं केलं. शिंपीण कोरी निघाली. मग मी संपादकांचे आकडे वाचले आणि खुर्चीत बसले.

जेवण निर्दोष होतं. जेवणाच्या दिवसांत आकडा मोठा होता हे खरं, पण त्याच्या आधीचे दोन महिनेही तो चढतच होता. रोज थोडं, रोज थोडं. मंत्र्यांकडे संपादक जेवले एकदाच. रोज जेवायचे ते घरी.

वकीलबाईंनी कागद वाचला आणि चष्मा काढून ठेवला. ‘ताई, हे म्हणजे सरकारच्या हातात आयतं कोलीत. घरात माणसं किती?’

‘दोन. ते आणि माझी बहीण.’

‘मग हा अहवाल आयोगासमोर गेला की दुसऱ्या दिवशी पोलीस तिच्या दारात. फाशीचं कलम आहे हे.’

‘सरकारी प्रयोगशाळेलाही हेच दिसलं असणार.’

‘त्यांनी अजून तोंड उघडलेलं नाही. ते तुमची वाट बघतायत. बहिणीने बहिणीला अडकवलं की त्यांचं काम फत्ते. सुनावणीपर्यंत काहीतरी शोधा, नाहीतर आजारी पडा.’

मला खोटं आजारी पडता येत नाही. आणि खरं सांगायचं तर तोवर माझ्या डोक्यात किडा शिरला होता. स्वयंपाकघरात कुणाला फिरकू द्यायची नाही ती धाकटीच. संपादक गेल्यावर त्यांचे कपडे, अंथरूण, सगळं घाईघाईने काढून टाकलं तेही तिनेच. दोघांची भांडणंही मी ऐकली होती. ‘तुमच्या अग्रलेखांपायी एक दिवस मी मरेन’ असं ती म्हणायची. लहानपणी बशी फोडून मांजराचं नाव सांगणारी मुलगी होती ती, आणि मांजर आमच्याकडे नव्हतंच. मला माझी लाज वाटत होती, पण लाजेने किडा मरत नाही.

रविवारी तिच्याकडे गेले. पूर्वी दर रविवारी जायचे, अभ्यासिकेत संपादक स्वतःच्या हाताने अर्धा कप कॉफी करून द्यायचे, माझ्या मधुमेहाला मान देऊन बिनसाखरेची. ते गेल्यापासून मी जायचं टाळत होते. धाकटी डोक्याला रुमाल बांधून दारात उभी होती. वाळली होती. पाय घासत चालत होती. माझ्या मनाने लगेच नोंद केली: दुःख, किंवा दुःखाचं सोंग.

‘बरी सवड झाली भिंगताईंना,’ ती म्हणाली. ‘बस. कॉफी करते.’

‘तू? तू तर चहावाली.’

‘आता कॉफी पिते. संपादकांची बरणी आहे ना अजून. किलोची आणून ठेवायचे, रोज दोन कप लागायचे, माहीतच आहे तुला. मला एका घोटाला हात लावू द्यायचे नाहीत, चहावाल्यांना काय कळतंय म्हणून. आता रोज सकाळी एक कप, त्यांच्याच खुर्चीत बसून. कडू लागते गं, पण तेवढा वेळ बरं वाटतं.’

तिने दोन कप आणले. एक माझ्यासमोर ठेवला. मी कपाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि माझ्या तोंडून निघालं, ‘नको. पित्त झालंय.’

‘तुला? दगड पचवशील तू.’ ती हसली, आणि माझ्या डोळ्यांदेखत आपला कप प्यायली. सगळा. वाया कशाला घालवायची म्हणून माझ्या कपातलीही अर्धी प्यायली. मला हायसं वाटलं. चला, कॉफीत तरी काही नाही. असली अक्कल मी पदरी बाळगून आहे.

मोरीत कंगवा होता. कंगव्यात केसांचं हे एवढं गुंतवळ अडकलेलं. मी ते काढून रुमालात गुंडाळलं आणि चोरासारखी बाहेर पडले. जाताना ती म्हणाली, ‘पुढच्या रविवारी येशील ना? एकटीला घर खायला उठतं.’ मी बघते म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिचा केस तपासायला घेतला. टोकाकडून सुरुवात केली, जुन्यापासून. संपादक जिवंत होते ते महिने: स्वच्छ. पुढचा तुकडा: स्वच्छ. एकाच घरात राहून नवरा रोज विष खातोय आणि बायकोच्या अंगात कणही नाही. याहून मोठा पुरावा कोणता हवा? मी यंत्र बंद करणार होते. धाकटीसाठी कुठला वकील बघायचा इथवर माझी मजल गेली होती. पण अर्धवट काम सोडायची सवय नाही, म्हणून मुळाच्या बाजूचा पुढचा तुकडा घातला.

आकडा उसळला. संपादक गेल्यानंतरचा काळ होता तो. त्याच्या पुढचा, अगदी ताजा तुकडा त्याहून वर. मी बसल्या जागी रुमाल, घासत चाललेले पाय, कंगव्यातलं गुंतवळ, सगळं पुन्हा बघितलं. मग माझा स्वतःचा केस आठवला, ज्याच्यापायी मी भांड्यांना शिव्या घातल्या होत्या. माझ्या पायांना मुंग्या येत होत्या, त्या मी मधुमेहाच्या खात्यावर टाकल्या होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा. दोन कप रोज पिणारा मेला. रविवारी अर्धा कप पिणारी कोरा नमुना म्हणून मिरवत होती. आणि रोज एक कप पिणारी...

मी फोन लावला. ‘कॉफी प्यायलीस आज?’

‘आत्ता करतेय. का गं?’

‘हात लावू नकोस. ओत. नको, ओतू नकोस, तशीच ठेव! खाली ठेव तो कप!’

‘अगं, ओरडतेस काय?’

मी रडत होते, आणि मी रडतेय हे कळून तीही घाबरून रडायला लागली.

धाकटीला रुग्णालयात ठेवलं. निळ्या कॅप्सूल असतात या विषावर, त्या मलाही दिल्या. बरणीला मी बोट लावलं नाही. वकीलबाईंनी न्यायमूर्तींच्या कारकुनाला बोलावून ती त्याच्या ताब्यात दिली. बरणी धाडीत अभ्यासिकेतून नेलेल्या वस्तूंपैकीच होती. झाकणावरून काचेपर्यंत कागदाची सीलपट्टी, त्यावर शिक्का आणि अधिकाऱ्याची सही. संपादकांनी पट्टी मधोमध कापली होती, दोन्ही तुकडे जागच्या जागी चिकटलेले होते. पोलिसांना कॉफी कशाला हवी, म्हणून आम्ही तेव्हा किती हसलो होतो. ‘सरकारने आजवर मला परत केलेली एकमेव चांगली गोष्ट,’ असं संपादक म्हणाले होते.

सुनावणीला धाकटी चाकाच्या खुर्चीत आली. सरकारी वकील माझ्यासमोर उभे राहिले, आवाज अगदी मऊ.

‘बरणी परत आल्यावर महिनोन् महिने घरात होती. बाईंना त्यात काही कालवणं शक्य होतं?’

‘शक्य होतं.’

‘नवरा आजारी असताना त्यांच्या अंगात विष नव्हतं. मग पश्चात्तापाने त्या स्वतः पिऊ लागल्या, हेही शक्य आहे?’

‘केसावरून मन वाचता येत नाही.’

‘तुम्ही स्वतः त्यांचे केस न विचारता उचलले. म्हणजे संशय तुम्हालाही आला होता. हो की नाही? शपथेवर आहात.’

धाकटीने मान वर केली. हे तिला ठाऊक नव्हतं. मी तिला सांगितलं होतं की केस रुग्णालयातून मिळाले.

‘हो,’ मी म्हटलं. ‘आला होता. तिने दिलेली कॉफीही मी त्यापायी प्यायले नाही. ती प्यायली, आणि मी बघत बसले.’

मग न्यायमूर्तींनी खूण केली आणि सरकारच्याच रसायनतज्ज्ञाने सीलपट्टीचा तुकडा दोन्ही बाजूंसमोर वाफेवर सोडवला. मी एवढीच मागणी केली होती. पट्टीच्या आतल्या बाजूला, वाळलेल्या डिंकात पांढरी भुकटी अडकलेली होती. भिंगातून आधी त्याने पाहिली, मग मी. तपासणीत ती थॅलियमच निघाली. पट्टी चिकटवण्याआधी भुकटी काचेवर सांडली असल्याशिवाय ती डिंकाखाली जात नाही. आणि पट्टी चिकटवली तेव्हा बरणी कुणाच्या ताब्यात होती, ते पट्टीवर सहीशिक्क्यानिशी लिहिलेलं होतं. सरकारी तज्ज्ञाने आपला निष्कर्ष पुटपुटला, आणि न्यायमूर्तींनी तो मोठ्याने पुन्हा बोलायला लावला.

सरकार म्हणालं, एका अधिकाऱ्याचा व्यक्तिगत आगाऊपणा. तो अधिकारी परदेशात गेलेला होता. न्यायमूर्तींनी अहवालात लिहिलं की विष सरकारी ताब्यात असताना मिसळलं गेलं आणि आदेश कुणाचा याचा तपास व्हावा. तपास अर्थातच सरकार करणार आहे. पण धाकटीच्या दाराशी पोलीस आले नाहीत, आणि भिंतींवरच्या ताटांवर आता कुणीतरी बरण्या रंगवल्या आहेत.

ती घरी आली तसा मी पुन्हा रविवार धरला. तिच्या डोक्यावर बारीक लव आली आहे. पाय अजून दुखतात. केसांबद्दल ती मला काही बोलली नाही. मीच एकदा विषय काढला, तर म्हणाली, ‘मागितले असतेस तर दिले असते गं,’ आणि चहा टाकायला उठली.

आता ती चहाच करते. दोन कप आणते. माझ्यासमोर ठेवायच्या आधी माझ्या कपातला एक घोट स्वतः घेते, माझ्याकडे न बघता, आणि मग कप पुढे सरकवते.

‘घे ताई,’ म्हणते. ‘मी पिऊन बघितलाय.’